आटे जुळले पाहिजेत
गिरणीच्या स्टोअरपासून गेमच्या कॉम्प्युटरपर्यंत

काळाचौकी, लालबाग, परळ या भागातल्या एखाद्या शाळेत नववी-दहावीच्या वर्गाला 'घरी कसला कॉम्प्युटर हवा?' असं विचारून पाहा. बरीच मुलं 'गेम चालतील असा' म्हणतील. हे उत्तर ऐकून नाक मुरडण्याचं कारण नाही. गेम चालवणारं यंत्र म्हणजे अवघड गणितं भराभर करणारं यंत्र. त्यावर अभ्यासही उत्तम होतो. खरी अडचण पैशांची असते. दुकानातलं तयार यंत्र आवाक्याबाहेरचं वाटतं, मग सुटे भाग आणून जोडायचं ठरतं. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस आणि हे सगळं ज्यात बसवायचं ते कॅबिनेट. यातला एक भाग जरी चुकीचा आला, तरी घरानं महिनोन्‌महिने साठवलेले पैसे अडकून पडतात.

इथे एक साधा प्रश्न आहे. प्रोसेसरची कंपनी अमेरिकन, मदरबोर्डची तैवानची, रॅमची कोरियातली, कॅबिनेट आणखी कुठलं. या मंडळींनी आपल्या कॉम्प्युटरसाठी एकत्र बसून काही ठरवलेलं नाही. मग हे भाग एकमेकांना बसतात कसे? आणि कधी कधी नीट बसूनही चालत का नाहीत? याचं उत्तर कॉम्प्युटरच्या जन्माच्या आधी सुरू होतं, आणि ते काळाचौकीच्या परिसरातल्या गिरण्यांमधूनच सांगता येतं.

गिरणीतला धडा

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केली. ताडदेवला ती १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, काळाचौकी, चिंचपोकळी हा सगळा पट्टा गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. यंत्रं यायची ती मुख्यतः इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातून. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचं नाव त्यात ठळक होतं. यंत्र एकदा आणलं की ते अनेक वर्षं चालवायचं. साहजिकच गिरणीच्या स्टोअर खात्याला मोठं महत्त्व असे. साच्याच्या पेटीत धोटा नेमका बसावा लागे, धोट्यात कांडी बसावी लागे आणि कांडीवरचं सूत त्या कापडाला हवं तेवढ्याच जाडीचं असावं लागे. यातलं एक जरी चुकलं तरी साचा बंद, आणि साचा बंद म्हणजे साचेवाल्याची मजुरी बुडाली.

या सगळ्या यंत्रांना धरून ठेवणारी सर्वांत साधी वस्तू म्हणजे नट-बोल्ट. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रत्येक कारखाना आपापल्या मापाचे आटे पाडत असे. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्यानं सुचवलं, की आट्यांचा कोन सगळीकडे ५५ अंशांचा ठेवावा आणि प्रत्येक जाडीच्या बोल्टला इंचामागे किती आटे, हेही ठरवून टाकावं. पाव इंची बोल्टला २०, अर्ध्या इंचीला १२, एक इंचीला ८. अमेरिकेत १८६४ साली विल्यम सेलर्स यांनी वेगळी पद्धत मांडली. तिच्यात कोन ६० अंशांचा होता, आणि अर्ध्या इंची बोल्टला १२ ऐवजी १३ आटे होते.

आता गंमत पाहा. अर्ध्या इंची बोल्टला दुसऱ्या पद्धतीचा नट लावला तर तो लगेच अडतो. चूक हाताला कळते. पण पाव इंची बोल्टला दोन्ही पद्धतींत २०च आटे आहेत. तिथे नट चढतो, मात्र कोन वेगळा असल्यानं आटे एकमेकांवर पूर्ण टेकत नाहीत आणि पकड कच्ची राहते. बसतं ते चालतंच असं नाही, हा धडा कारखान्यांमध्ये तेव्हापासूनचा आहे. कॉम्प्युटर जोडणाऱ्यानं तो आधी शिकावा.

हा धडा कॅबिनेटच्या आतही अक्षरशः हजर आहे. साडेतीन इंची हार्ड डिस्कचे स्क्रू इंचाला ३२ आट्यांचे, अमेरिकन पद्धतीचे असतात. अडीच इंची डिस्कचे स्क्रू मेट्रिक, ३ मिलिमीटर जाडीचे असतात. एकाच्या जागी दुसरा जोर लावून पिळला की आटे मेले!

आयबीएमचं उघडं झाकण

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमनं आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. तोवर आयबीएमची मोठी यंत्रं बहुतांशी तिच्याच घरात घडत. हे यंत्र मात्र साधारण वर्षभरात तयार करायचं होतं. म्हणून फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथल्या गटानं बाजारात मिळणारे भाग वापरले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, वेग ४.७७ मेगाहर्ट्‌झ. कामकाजाची प्रणाली मायक्रोसॉफ्टची. मदरबोर्डवर पाच खाचा होत्या, आणि त्यांत कोणीही बनवलेलं कार्ड बसवता यावं म्हणून आयबीएमनं सर्व परिपथांच्या आकृत्यांसह माहितीपुस्तिका विकायला ठेवली.

या पुस्तिकेत बायॉसचा मजकूरही छापलेला होता. बायॉस म्हणजे यंत्र सुरू होताना सगळ्या भागांची हजेरी घेणारी आणि पुढे त्यांच्याशी बोलण्याची रीत पुरवणारी छोटी आज्ञावली. भाग बाजारात मिळत होते, आकृत्या छापलेल्या होत्या, पण बायॉसवर आयबीएमचा कॉपीराइट होता. जशीच्या तशी नक्कल केली तर कोर्टात उभं राहावं लागलं असतं.

१९८२ साली स्थापन झालेल्या कॉम्पॅक कंपनीनं यातून वाट काढली. एका गटानं मूळ बायॉस वाचून ती काय काय करते याची यादी केली. ज्यांनी मूळ मजकूर पाहिलेलाच नाही अशा दुसऱ्या गटानं त्या यादीवरून नवी बायॉस लिहिली. काम तेच, मजकूर वेगळा. १९८४ पासून फिनिक्स या कंपनीनं अशाच रीतीनं तयार केलेली बायॉस परवाना देऊन कोणालाही विकायला सुरुवात केली. मग 'आयबीएम कम्पॅटिबल' यंत्रांचा पूर आला.

पण एखादं यंत्र खरोखर कम्पॅटिबल आहे हे ओळखायचं कसं? त्या काळी दोन कसोट्या सर्रास वापरल्या जात. एक हिशेबाची, लोटस १-२-३ नावाची. दुसरी चक्क खेळाची, मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरची. हे दोन्ही प्रोग्रॅम वेगासाठी बायॉसला वळसा घालून थेट यंत्राच्या भागांशी बोलत. त्यामुळे नकलेत थोडी जरी तफावत असली तरी ते अडखळत. म्हणजे सुसंगतीची परीक्षा गेमनं घ्यायची ही पद्धत पर्सनल कॉम्प्युटरइतकीच जुनी आहे.

झाकण लावण्याचा प्रयत्न

नकला करणारे पुढे निघाले तेव्हा आयबीएमनं १९८७ साली पीएस/२ ही नवी मालिका आणली. तिच्यातल्या खाचांची रचना नवी होती आणि ती वापरायची तर आयबीएमचा परवाना लागे. जुनी कार्डं त्यात बसत नव्हती. यावर कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी १९८८ साली एकत्र येऊन स्वतःची वेगळी रचना जाहीर केली. तिच्यात जुनी कार्डंही चालत. बाजारानं आयबीएमचं झाकण स्वीकारलं नाही. नऊ कंपन्यांची रचनाही फार पसरली नाही. अखेर इंटेलनं १९९२ साली आणलेली पीसीआय ही खाच सर्वत्र रुळली.

थोडक्यात, दोन भाग एकमेकांना बसतात कारण कोणीतरी तसा करार केलेला असतो. करार खुला असेल तर अनेक जण तो भाग बनवतात आणि भाव खाली येतो. करार बंद असेल तर एकाच दुकानाच्या दारात उभं राहावं लागतं. हा फरक श्रीमंताला फारसा जाणवत नाही. हप्त्याहप्त्यानं एकेक भाग घेणाऱ्याला तो लगेच जाणवतो.

लॅमिंग्टन रोड

हे वारं मुंबईत कसं आलं? परकीय भांडवलाच्या कायद्यावरून मतभेद होऊन आयबीएम १९७८ साली भारतातून बाहेर पडली होती. नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारनं नवं संगणक धोरण जाहीर करून आयातीची आणि उत्पादनाची बंधनं सैल केली. एचसीएल, विप्रो यांसारख्या कंपन्या आयबीएम-कम्पॅटिबल यंत्रं बनवू लागल्या. १९९१ च्या आर्थिक बदलांनी आयात आणखी सोपी झाली. १९९७ साली भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि कॉम्प्युटरच्या भागांवरचं आयात शुल्क पुढच्या काही वर्षांत उतरत गेलं.

ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड पूर्वीपासून रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध होता. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्यावरून पडलेलं हे नाव. अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. रेझिस्टर आणि कंडेन्सर विकणाऱ्या या रस्त्यावर मदरबोर्ड आणि रॅम आले आणि 'असेंबल्ड' हा शब्द घराघरांत पोचला. ब्रँडेड यंत्र महाग, असेंबल्ड स्वस्त.

गिरणगावासाठी हा काळ कठीण होता. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक थंडावत गेल्या. काळाचौकीतल्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ ची जागा पुढे वस्त्रोद्योग संग्रहालयासाठी राखली गेली. यंत्र उघडून दुरुस्त करणारे फिटर, नागदेवी स्ट्रीटवरच्या मिल-स्टोअरच्या दुकानांतून जुळणारा भाग शोधून आणणारी माणसं ज्या वस्तीत राहत होती, त्याच वस्तीतली पुढची पिढी लॅमिंग्टन रोडवर कोटेशन मागू लागली. यंत्र बदललं, पण भागावरचा नंबर वाचायचा आणि मगच पैसे मोजायचे, ही शिस्त दोन्हीकडे तीच.

आकार, माप आणि बोली

भाग निवडताना सुसंगती तीन पातळ्यांवर तपासावी, असं मी सुचवीन: आकार, माप आणि बोली.

आकाराचा पहिला प्रश्न प्रोसेसरचा. १९९० च्या दशकाच्या मध्यात 'सॉकेट ७' नावाच्या एकाच खोबणीत इंटेल, एएमडी आणि सायरिक्स या तिन्ही कंपन्यांचे प्रोसेसर बसत. १९९७ मध्ये इंटेलनं पेंटियम २ साठी पेटंटनं राखलेली वेगळी खाच आणली. एएमडीनं १९९९ साली आपली स्वतंत्र खाच काढली. तेव्हापासून दोघांचे मदरबोर्ड वेगळे झाले. म्हणून आजही पहिला निर्णय प्रोसेसर कोणाचा हा असतो, आणि मदरबोर्ड त्यामागून येतो. एएमडीची एएम४ ही खोबणी २०१६ ची, एएम५ ही २०२२ ची. इंटेलची एलजीए १७०० ही २०२१ ची, एलजीए १८५१ ही २०२४ ची.

रॅमचंही तसंच. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींना २८८ पिना आहेत, पण पट्टीवरची खाच मुद्दाम वेगळ्या जागी ठेवली आहे. एक १.२ व्होल्टवर चालते, दुसरी १.१ वर. चुकीची पट्टी बसूच नये म्हणून आकारानं दिलेला हा इशारा आहे. कॅबिनेटबाबत मात्र आपण सुदैवी आहोत. १९९५ साली ठरलेल्या एटीएक्स प्रमाणानं बोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटरचा केला, स्क्रूंच्या जागा पक्क्या केल्या, आणि तो करार अजून टिकून आहे. म्हणून घरात पडलेलं जुनं एटीएक्स कॅबिनेट सहसा पुन्हा वापरता येतं. फक्त ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि आत हवा खेळण्याची सोय पाहून घ्यावी.

मापाचा प्रश्न विजेचा. १९२० × १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपक्यांचे रंग दर सेकंदाला ठरवायचे. हे काम वेगळ्या कार्डाकडे सोपवण्याची रीत १९९६ सालच्या थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू कार्डानं लोकप्रिय केली. काम वाढलं तशी विजेची भूकही वाढली. आजच्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून अधिक लागले तर एसएमपीएसमधून वेगळी तार द्यावी लागते: सहा पिनांची ७५ वॉट, आठ पिनांची १५० वॉट.

हिशेब वर्गात फळ्यावर करता येईल. प्रोसेसरला ९० वॉट, ग्राफिक्स कार्डाला १३०, बाकी सगळ्याला ५० धरा. एकूण २७० वॉट. एसएमपीएसवर साधारण ६० टक्के भार यावा असं ठरवलं तर २७० भागिले ०.६ म्हणजे ४५० वॉटचा एसएमपीएस हवा. पण एवढ्यावर थांबू नये. प्रोसेसर आणि कार्ड मिळून २२० वॉट १२ व्होल्टच्या तारेवरून घेतात, म्हणजे सुमारे सव्वाअठरा अँपिअर. एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टपुढे १५ अँपिअर छापलं असेल, तर ती तार फक्त १८० वॉट देऊ शकते. वर '४५०' केवढ्याही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असो. जुन्या यंत्रांचा भर ५ आणि ३.३ व्होल्टवर असे, म्हणून जुनं कॅबिनेट चालेल पण त्यातला जुना एसएमपीएस चालेलच असं नाही. बजेट कमी असताना पहिली काटछाट इथेच केली जाते. ती महागात पडते, कारण बिघडलेला एसएमपीएस इतर भागांनाही सोबत नेऊ शकतो.

बसतं, पण चालत नाही

तिसरी पातळी बोलीची, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. २०१५ साली इंटेलनं ११५१ टोकांची खोबणी आणली. २०१७ साली पुढच्या पिढीचे प्रोसेसर आले, तेही ११५१ टोकांचेच. नवा प्रोसेसर जुन्या बोर्डात बसतो, पण यंत्र सुरू होत नाही. काही टोकांची कामं बदलली होती आणि बायॉसही त्याला ओळखत नव्हती. पाव इंची बोल्टची गोष्ट आठवली ना?

एएम४ ची गोष्ट वेगळी घडली. मे २०२० मध्ये एएमडीनं जाहीर केलं, की येणारे नवे प्रोसेसर बी४५० आणि एक्स४७० या जातींच्या बोर्डांवर चालणार नाहीत. हे बोर्ड काटकसरीनं यंत्र जोडणाऱ्यांत बरेच खपले होते. ग्राहकांनी जोरदार नाराजी कळवली आणि त्याच महिन्यात कंपनीनं निर्णय फिरवला. नवी बायॉस देऊन ते बोर्ड चालू ठेवले. २०२२ मध्ये त्याहूनही जुन्या बोर्डांना ही सवलत मिळाली. बोर्ड तोच, प्रोसेसर तोच. फक्त दोघांमधली बोली शिकवायची की नाही एवढाच प्रश्न होता, आणि तो माणसांनी ठरवला. म्हणून बोर्ड घेण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावरची प्रोसेसरांची यादी पाहावी, आणि आपल्या प्रोसेसरसमोर बायॉसची कोणती आवृत्ती लिहिली आहे ते दुकानदाराला विचारावं.

आणखी एक फसवी जागा आहे. पीसीआय एक्स्प्रेसची नवी कार्डं सहसा जुन्या खाचेतही चालतात. वेग मात्र दोघांतल्या कमी क्षमतेच्या भागाचा मिळतो. २०२२ साली आलेलं एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी हे स्वस्त कार्ड खाचेतल्या १६ पैकी चारच मार्ग वापरतं. नव्या बोर्डात त्याची उणीव कमी जाणवते, पण मागच्या पिढीच्या बोर्डात प्रत्येक मार्गाचा वेग निम्मा असल्यानं काही गेम लक्षात येण्याइतके मंदावतात. म्हणजे स्वस्त कार्ड ज्यानं जुन्या यंत्रासाठी घ्यावं, त्यालाच ते कमी उपयोगी पडतं.

वर्गासाठी एक काम

बऱ्याच शाळांच्या प्रयोगशाळेत बंद पडलेले दोन-चार कॉम्प्युटर धूळ खात असतात. त्यातला एक, वीज पूर्ण काढून, मुलांकडून उघडून घ्यावा. एसएमपीएसचा डबा मात्र फोडू नये; आतल्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहिलेली असू शकते. बाकी प्रत्येक भागावरचा नंबर वहीत लिहून त्यापुढे तीन रकाने आखावेत: आकार, माप, बोली. चौथा रकाना इतिहासाचा: हा करार कोणत्या वर्षीचा, कोणी केला, आणि तो सगळ्यांना खुला होता का? चौथा रकाना भरताना वेळ लागेल, पण तो भरलेला विद्यार्थी दुकानात गेला की 'सगळ्यात स्वस्त काय आहे?' असं न विचारता 'हा बोर्ड पुढची किती वर्षं मला बांधून ठेवणार?' असं विचारील. कमी पैशांत यंत्र जोडणाऱ्याला हा प्रश्न विचारता आलाच पाहिजे.